कात्री, कॅसेट आणि कबुलीजबाब

हिंसक चित्रपटाचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कापा. दुसरा म्हणतो, हात लावू नका. मग किती सेकंद कापायचे आणि किती ठेवायचे यावर वाद रंगतो. दोघांचेही डोळे घड्याळाकडे असतात. पडद्यावर जे सांगितले जात आहे ते खरे आहे काय, हे विचारायला मात्र कोणी उठत नाही. या लेखात मी तोच प्रश्न विचारणार आहे, आणि त्यासाठी एका अमेरिकन चित्रपटाचे आणि त्याच्या व्हिडिओ कॅसेटचे प्रकरण घेतले आहे. 'हेन्री : पोर्ट्रेट ऑफ अ सीरियल किलर' हे त्या चित्रपटाचे नाव. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. या चित्रपटावर कात्री चालवणारे चुकले, आणि कात्री हटली म्हणून पेढे वाटणारेही चुकले. कारण त्यातील सर्वांत मोठा गुन्हा रक्ताचा नाही, खोट्या साक्षीचा आहे. आणि तो कात्रीच्या टप्प्यात कधी आलाच नाही.

आधी हकीकत. शिकागो शहराजवळ वालीद अली आणि मलिक अली या भावांची एमपीआय नावाची कंपनी होती. घरी बसून पाहण्याच्या कॅसेट काढणे हा तिचा धंदा. १९८० नंतरच्या त्या वर्षांत घरोघरी व्हीसीआर आले होते आणि भयपटांच्या कॅसेटना मोठी मागणी होती. अली बंधूंनी जॉन मॅकनॉटन या नवख्या दिग्दर्शकाला सुमारे एक लाख दहा हजार डॉलर दिले आणि भयपट करायला सांगितले. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. मॅकनॉटन यांनी दूरचित्रवाणीवर हेन्री ली लुकास नावाच्या कैद्यावरचा कार्यक्रम पाहिला होता. हा माणूस शेकडो खुनांची कबुली देत होता. त्यावरून त्यांनी रिचर्ड फायर यांच्यासोबत पटकथा लिहिली आणि १९८५ साली सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर जेमतेम महिनाभरात चित्रीकरण उरकले. हेन्रीचे काम मायकल रूकर या तेव्हा अनोळखी असलेल्या नटाने केले.

१९८६ मध्ये शिकागोच्या महोत्सवात चित्रपट दाखवला गेला आणि नंतर तो जवळजवळ डब्यातच पडून राहिला. पैसे घालणाऱ्यांना नेहमीचा भयपट हवा होता आणि हातात आले होते वेगळेच काही. यात भूत नाही, मुखवटा नाही, शेवटी खुन्याला पकडणारा पोलीसही नाही. अमेरिकेतील श्रेणी देणाऱ्या मंडळाने त्याला 'एक्स' ही श्रेणी दिली. अमुक दृश्य काढा म्हणजे वरची श्रेणी देऊ, असेही मंडळ म्हणेना. चित्रपटाचा एकूण नैतिक सूरच असा आहे की कितीही कापले तरी उपयोग नाही, असे दिग्दर्शकाला सांगण्यात आले. त्या काळी 'एक्स' म्हणजे अश्लील चित्रपट असा अर्थ रूढ झाल्याने वर्तमानपत्रे जाहिरात घेत नसत, चित्रपटगृहे दारात उभे करत नसत. १९८९ साली टेल्युराइड महोत्सवात चित्रपट दाखवला गेला, रॉजर इबर्ट यांच्यासारख्या नामवंत समीक्षकाने त्याची बाजू घेतली, आणि १९९० च्या जानेवारीत तो एकदाचा प्रदर्शित झाला. त्याच वर्षी 'एक्स' ही श्रेणीच रद्द होऊन तिच्या जागी 'एनसी-१७' आली. ती बदलायला लावणाऱ्या चित्रपटांत 'हेन्री'चेही नाव घेतले जाते.

खरी गंमत पुढे ब्रिटनमध्ये झाली. तिथे १९८४ साली व्हिडिओ कॅसेटसाठी वेगळा कायदा झाला होता. चित्रपटगृहातील प्रेक्षक एकदा पाहतो आणि उठून जातो. कॅसेट घरात राहते, मुलांच्या हाती लागते आणि मुख्य म्हणजे मागे फिरवून तेच दृश्य पुन्हा पुन्हा पाहता येते. म्हणून कॅसेटला मोठ्या पडद्यापेक्षा कडक चाळणी लावायची, असा त्या कायद्यामागचा विचार. तो अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. माझ्या वर्गात पस्तीस-चाळीस मुले असतात. मुले एखादी गोष्ट किती वेळा पाहतात याने फरक पडतो, हे शिक्षकाला तरी कोणी शिकवायला नको.

१९९१ साली चित्रपटगृहांसाठी 'हेन्री'मधून सुमारे मिनिटभराचा भाग गेला. १९९३ साली कॅसेटची पाळी आली तेव्हा कात्री आणखी चालली. पण सेन्सॉर मंडळाचे प्रमुख जेम्स फर्मन एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी एका दृश्याची जुळणीच बदलून टाकली. ते दृश्य कोणते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळायचा नाही.

हेन्री आणि त्याचा साथीदार ओटिस चोरीचा माल विकणाऱ्या एका माणसाला मारून त्याच्याकडचा व्हिडिओ कॅमेरा उचलतात. पुढे पडद्यावर एका घरातील कुटुंबाची हत्या दिसते. चित्र धूसर, कॅमेरा वेडावाकडा. आपल्याला वाटते, हे आता घडत आहे. दृश्य संपता संपता कळते की हे आधीच घडून गेले आहे; त्या दोघांनी त्याचे चित्रण केले होते आणि आता आपल्या घरी सोफ्यावर बसून ते टीव्हीवर पाहत आहेत. इतका वेळ आपणही त्यांच्याच शेजारी बसून तेच पाहत होतो. मग ओटिस कॅसेट मागे फिरवतो आणि तो भाग पुन्हा, सावकाश पाहू लागतो.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. ज्या भीतीपोटी ब्रिटनच्या संसदेने कायदा केला, नेमकी तीच भीती या दिग्दर्शकाने पडद्यावर मांडली होती. घरात बसून, कॅसेट मागे फिरवून, दुसऱ्याच्या मरणाची मजा घेणारा माणूस कसा दिसतो, याचा हा आरसा होता. फर्मन यांनी काय केले? टीव्ही पाहणाऱ्या त्या दोघांचे चित्र उचलून दृश्याच्या मध्यावरच आणून ठेवले. म्हणजे प्रेक्षकाला अर्ध्यातच कळावे की हे रेकॉर्डिंग आहे, आणि त्याने सुटकेचा श्वास सोडावा. खून दिसतच राहिले. गेला तो फक्त प्रेक्षकावरचा आरोप. शिक्षकाने मुलाची चूक वहीत तशीच ठेवावी आणि लाल शाईचा शेरा तेवढा खोडून टाकावा, तसा हा प्रकार झाला.

हेतू वाईट नव्हता, हे मान्य. पण मोजपट्टी सेकंदांची असली की असेच होणार. सेकंद मोजणाऱ्याला रक्त दिसते. त्या रक्ताबद्दल काय म्हटले जात आहे ते ऐकू येत नाही. म्हणून आपल्यापैकी जे सज्जन लोक प्रत्येक गोष्टीवर 'बंदी घाला' म्हणतात, त्यांना माझी नम्र विनंती आहे की त्यांनी हे १९९३ चे उदाहरण लक्षात ठेवावे. कात्री हाती आल्याने विवेक हाती येत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. २००३ साली ब्रिटनमध्ये 'हेन्री' पूर्णपणे न कापता मंजूर झाला. २०१६ साली तिसाव्या वर्षानिमित्त चित्रपटाची नव्याने साफसफाई करून अधिक स्वच्छ प्रत काढण्यात आली. कॅसेट गेली, डीव्हीडी आली, ब्लू-रे आली. दरवेळी शौकिनांनी आनंद साजरा केला की आता एकही सेकंद हरवलेला नाही, कलाकृती संपूर्ण मिळाली. संपूर्ण? मग ज्या माणसाच्या नावावर हा सगळा पसारा उभा आहे, त्याची हकीकत ऐका.

हेन्री ली लुकास १९८३ च्या जूनमध्ये टेक्सासमध्ये बेकायदा शस्त्राच्या आरोपाखाली पकडला गेला. आईच्या खुनासाठी त्याने आधीच तुरुंग भोगला होता. आता त्याने दोन खून कबूल केले. एक म्हातारी बाई आणि त्याच्यासोबत फिरणारी पंधरा वर्षांची मुलगी. मग भर न्यायालयात म्हणाला, आणखी शंभरेक आहेत. झाले! टेक्सास रेंजर्स या तिथल्या नावाजलेल्या पोलीस दलाने खास पथक नेमले आणि लुकासला जॉर्जटाउनच्या तुरुंगात ठेवले. अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून पोलीस अधिकारी आपापल्या न सुटलेल्या खुनांच्या फायली घेऊन त्याच्यापुढे रांग लावू लागले. तो 'होय, मीच' म्हणे आणि फाईल बंद होई. बदल्यात सिगारेट, मिल्कशेक, टीव्ही, आणि निरनिराळ्या गावी घटनास्थळ दाखवायला नेण्याच्या निमित्ताने कोठडीबाहेरची हवा. दोनशेहून अधिक खून अशा रीतीने 'सुटले'. कबुलीचा आकडा सहाशेच्या घरात गेला.

उर्दूत कबुलीजबाबाला 'इकबाल-ए-जुर्म' म्हणतात. इकबाल म्हणजे स्वीकार, आणि इकबाल म्हणजे भाग्योदयही. लुकासच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे झाले. जो कोणाच्या खिजगणतीत नव्हता, तो कबुलीच्या जोरावर देशभर प्रसिद्ध झाला.

हे घडले कसे, याचे उत्तर मला बी.एड.च्या पाठ टाचणात सापडते. सूचक प्रश्न विचारू नयेत, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. 'ताजमहाल शाहजहानने बांधला ना?' असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. यातून मुलांना इतिहास येतो हे सिद्ध होत नाही. मास्तरांचा चेहरा वाचता येतो एवढेच सिद्ध होते. लुकास चेहरा वाचण्यात पटाईत होता. समोर फोटो टाकले जात, फाईल उघडी असे, प्रश्नातच उत्तर असे. परीक्षकच विद्यार्थ्याला कॉपी पुरवत होते, आणि निकाल शंभर टक्के लागला म्हणून परीक्षकच खूश होते.

पण काही माणसांनी साधी गोष्ट केली. त्यांनी तारखा ताडून पाहिल्या. १९८५ च्या एप्रिलमध्ये 'डॅलस टाइम्स हेरल्ड' या वर्तमानपत्रात ह्यू आयन्सवर्थ आणि जिम हेंडरसन यांनी लिहिले की ज्या दिवशी लुकासने एका ठिकाणी खून केल्याचे सांगितले त्या दिवशी तो कागदोपत्री दुसऱ्याच राज्यात होता. १९८६ साली टेक्सासचे अ‍ॅटर्नी जनरल जिम मॅटॉक्स यांच्या कार्यालयाने अहवाल काढून तेच सांगितले. पुढे डीएनए तपासणीत काही प्रकरणांत भलतेच गुन्हेगार निघाले. ते इतकी वर्षे मोकळे फिरत होते, कारण फाईल बंद होती.

यातील एक प्रकरण विसरता येत नाही. १९७९ च्या ३१ ऑक्टोबरला जॉर्जटाउनजवळ रस्त्याकडेला एका तरुणीचा मृतदेह सापडला. अंगावर फक्त नारिंगी मोजे. ती कोण हे कळेना, म्हणून पोलिसांनी तिचे नावच 'ऑरेंज सॉक्स' ठेवले. हा खून लुकासने कबूल केला आणि १९८४ साली त्याला देहदंड झाला. वास्तविक त्या सुमारास तो फ्लोरिडात छपरे दुरुस्तीच्या कामावर असल्याच्या नोंदी होत्या. १९९८ साली राज्यपाल जॉर्ज बुश यांनी ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. त्यांच्या कारकिर्दीत देहदंड माफ झालेला हा एकमेव कैदी. लुकास निर्दोष नव्हता, खुनी होताच. पण ज्या गुन्ह्यासाठी त्याला फाशीच्या दारात उभे केले, तो त्याने केल्याचा भरवसा देहदंड देणाऱ्या राज्यालाही उरला नव्हता. २००१ साली तो तुरुंगातच मेला.

आता कॅसेटकडे परत या. या चित्रपटाची जाहिरात करताना सांगितले गेले की हा फ्रेडी नव्हे, जेसन नव्हे, हा खरा आहे. 'खरा' या एका शब्दावर माल विकला गेला. आणि नेमका तोच शब्द खोटा होता! चित्रपट १९८६ साली महोत्सवात आला, मॅटॉक्स यांचा अहवाल त्याच वर्षीचा. १९९० साली तो चित्रपटगृहांत लागला तेव्हा शेकडो खुनांची ती कहाणी कोसळून पाच वर्षे होत आली होती. सेन्सॉरने यातील एक सेकंदही कापला नाही, कारण हे खोटे सेकंदांत मोजता येत नाही. आणि 'संपूर्ण आवृत्ती'वाल्यांनाही ते कधी खटकले नाही, कारण खरा राक्षस पाहिल्याचे समाधान त्यांना हवे होते.

इथे दिग्दर्शकाशी न्यायाने वागले पाहिजे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच पाटी येते की ही कल्पित कथा आहे, ती एका कैद्याच्या कबुलीवर आधारलेली आहे आणि त्यातील बऱ्याच कबुल्या त्याने मागे घेतल्या आहेत. कथेतही एक फार चांगली जागा आहे. हेन्रीने आपल्या आईला बॅटने मारले, असे ओटिस सांगतो. हेन्री स्वतः आधी म्हणतो, भोसकले. थोड्या वेळाने म्हणतो, गोळी घातली. समोर बसलेली बेकी विचारते, तू तर भोसकले म्हणाला होतास? आणि तो लगेच म्हणतो, हो, भोसकलेच. एक साधी, कमी शिकलेली बाई जो प्रश्न विचारते, तो टेक्सासच्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांना सुचला नाही. समीक्षकांनी मॅकनॉटन यांच्या धीटपणाचे कौतुक रक्तासाठी केले. ते या प्रश्नासाठी व्हायला हवे होते.

तरी मॅकनॉटन पूर्ण सुटत नाहीत. कथा कल्पित आहे म्हणायचे आणि हेन्री, ओटिस, बेकी ही नावे मात्र खरीच ठेवायची, हा दुटप्पीपणा आहे. खऱ्या आयुष्यात बेकी म्हणवली जाणारी ती पंधरा वर्षांची मुलगी ओटिस टूलची भाची होती. चित्रपटाने तिला त्याची बहीण केले, वयाने मोठी केले आणि हेन्रीवर भाळायला लावले. मेलेल्या पोरीला कोण विचारतो? तिची बाजू मांडायला कोणतीही 'संपूर्ण आवृत्ती' निघाली नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, भयपट तो भयपट. त्यात सत्य कसले शोधता? कबूल. भुताच्या गोष्टीला मी पुरावा मागणार नाही. पण तुम्हीच 'खरे' म्हणून विकता, तेव्हा विचारण्याचा हक्क मला मिळतो. आणि हा हक्क सोडला तर किंमत कोण मोजतो? ज्याच्या बहिणीचा खुनी मोकळा राहिला तो भाऊ. पोलिसांकडे एक सोयीचा राक्षस असला की प्रत्येक जुन्या पापाची मोळी त्याच्याच डोक्यावर बांधता येते. राक्षस जितका मोठा, तितकी फाईल लवकर बंद. आणि पडदा तर राक्षस मोठा करण्याचेच काम करतो.

आपल्या देशाच्या कायद्याने हे फार पूर्वी ओळखले होते. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे २५ वे कलम सांगत होते. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यानेही ते तत्त्व २३ व्या कलमात ठेवले आहे. मोक्कासारख्या कायद्यांनी त्याला भगदाड पाडले, ती गोष्ट वेगळी. या अंकाच्या वाचकांना पोलिसी कबुलीजबाबाचे मोल मी नव्याने सांगायला नको. म्हणूनच 'खुन्याने स्वतःच कबूल केले आहे' या एका वाक्यावर डोळे मिटून मान डोलावणाऱ्या प्रेक्षकांत आपण तरी असू नये.

मग करायचे काय? बंदी नको, हे वर सांगितलेच. कात्रीही नको. मुलांच्या हाती असे काही पडू नये याची काळजी घरात आणि शाळेत घेतलीच पाहिजे, त्याला पर्याय नाही. पण मोठ्यांच्या हाती जी प्रत दिली जाते, तिच्या वेष्टनावर 'न कापलेली' हे मोठ्या अक्षरांत छापता येते, तर 'या माणसाच्या शेकडो कबुल्या खोट्या ठरल्या आहेत' हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत छापता यावे. त्याने एक फ्रेमही कमी होणार नाही. मात्र विक्री थोडी कमी होईल, हे मला ठाऊक आहे.

आणि शिक्षकांनो, आपले काम तर याहून सोपे आहे. आज आपली मोठी मुले मोबाईलवर खुन्यांच्या 'सत्यकथा' पाहतात. त्यांना रागावून मोबाईल काढून घेतला तर ती दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहतील. त्यापेक्षा त्यांना दोन प्रश्न शिकवावेत. हे कोण सांगतो? आणि त्या दिवशी तो खरोखर तिथे होता का? त्या दोन पत्रकारांनी याहून वेगळे काही केले नव्हते.

नारिंगी मोज्यांच्या त्या तरुणीची ओळख २०१९ साली पटली. चाळीस वर्षांनी तिला तिचे नाव मिळाले. तिचा खुनी लुकास म्हणून फाईल एकदा बंद झाली होती. खरा खुनी कोण, हा प्रश्न तिच्या माणसांपुढे उभाच राहिला. 'हेन्री'तून कापलेला प्रत्येक सेकंद मात्र त्याआधीच, २००३ सालीच परत जोडून झाला होता.